रेक्टरची वही आणि समितीची फाईल

‘पीएच.डी. कशावर करतेस?’ या प्रश्नाला मी ‘कॉलेजातल्या शिस्तीच्या इतिहासावर’ असं उत्तर दिलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हमखास स्वतःच्या हॉस्टेलचा एखादा किस्सा सांगतो. रेक्टर रात्री टॉर्च घेऊन कसे फिरायचे, मेसमध्ये राडा झाला तेव्हा कुणाकुणाला ओळीने उभं केलं, वगैरे. किस्से मलाही आवडतात. पण माझं लक्ष असतं त्या टॉर्चवाल्या माणसाकडे. त्याच्या हातात नेमकी किती सत्ता होती? आणि तो स्वतः कुणाला घाबरायचा?

गेल्या वर्षी एका निवृत्त रेक्टर सरांना भेटले. त्यांनी दोन गोष्टी समोर ठेवल्या. एक होती १९८६ सालची शंभर पानी वही. तिच्यात एकेका ओळीच्या नोंदी: खोली चौदा, पत्ते, समज दिली. खोली एकतीस, घरी पत्र. दुसरी होती निवृत्तीच्या आधी त्यांनी हाताळलेल्या शेवटच्या प्रकरणाची झेरॉक्स. जाडजूड फाईल. तक्रार अर्ज, पोचपावती, कारणे दाखवा नोटीस, खुलासा, जबाब, बैठकांची इतिवृत्तं, हमीपत्र, आणि प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक. सरांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: वहीत ते मुलांबद्दल लिहायचे, फाईलमध्ये मात्र आपलं काही चुकलेलं नाही हेच लिहीत बसायला लागलं.

वहीपासून फाईलपर्यंतचा हा प्रवास कसा झाला, हे आज सांगणार आहे. ‘कोर्टांनी आणि कायद्यांनी शिक्षकांचे हात बांधले’ असं त्याचं सोपं उत्तर आपण नेहमी ऐकतो. ते अर्धंच खरं आहे.

दबाव आधीपासूनच होता

आधी एक गैरसमज दूर करू. पूर्वी प्राचार्य म्हणजे कॉलेजचा राजा, त्याला विचारणारं कुणी नव्हतं, असं आपण समजतो. विद्यार्थ्याच्या बाजूने विचारणारं कुणी नव्हतं, हे खरं. पण वरून विचारणारे होते.

१९०५ साल घ्या. वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ पेटली होती. ऑक्टोबरमध्ये बंगाल सरकारचे अधिकारी कार्लाइल यांनी एक परिपत्रक काढलं. विद्यार्थी राजकीय आंदोलनात दिसले तर त्या शाळा-कॉलेजचं अनुदान बंद होईल, त्यांच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्यांच्या स्पर्धेत बसता येणार नाही, असा त्याचा आशय होता. १९०७ मध्ये गृहसचिव रिस्ले यांचं परिपत्रक आलं आणि तोच सूर देशभर लागला. म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या कृत्याची किंमत संस्थेने मोजायची. ही कल्पना लक्षात ठेवा, शंभर वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

१९०५ मध्येच पुण्यात परदेशी कापडांची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर तेव्हा फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहत होते. प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. टिळकांच्या ‘केसरी’ने कॉलेजवर टीका केली, दंडासाठी लोकांनी पैसे दिले. पण हा दंड कोर्टात तपासला जाऊ शकतो, असा विचार या सगळ्या वादात दिसत नाही. प्राचार्यांना एका बाजूने सरकारचं भय आणि दुसऱ्या बाजूने लोकमताचा मार, एवढाच मामला होता.

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातलं १९१६ चं प्रकरण तर याहून बोलकं आहे. फेब्रुवारीत प्रा. ओटन यांना विद्यार्थ्यांनी मारहाण केली. सुभाषचंद्र बोस यांना कॉलेजातून काढण्यात आलं, हे आपल्याला माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की त्याच धामधुमीत प्राचार्य जेम्स यांचा सरकारमधल्या शिक्षण खात्याच्या सदस्याशी खटका उडाला आणि सरकारने खुद्द प्राचार्यांनाच निलंबित केलं. बोसांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे, की अधिकार हातातून जाण्याआधी जेम्स यांनी आपल्या काळ्या यादीतल्या मुलांना बोलावून घेतलं होतं. शिस्तीचा बडगा उगारणारा हातच त्या आठवड्यात निलंबनाच्या रांगेत होता.

तेव्हा शिस्तीच्या कामावरचा दबाव नवा नाही. दबावाची दिशा बदलत गेली, आणि इतिहास आहे तो त्या दिशेचा.

‘काही सांगायचंय का?’ हा प्रश्न

त्या काळाचं गृहीतक होतं, की कॉलेज म्हणजे आईबापाच्या जागी. बापाने मुलाला घरात कोंडलं तर कोर्ट जसं विचारत नाही, तसंच प्राचार्यालाही नाही. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ठरलेल्या वेळी हजेरी, पत्रं उघडून वाचणं, भेटायला येणाऱ्यांची यादी, हे सगळं याच समजुतीवर चालायचं.

१९५० साली राज्यघटना आली आणि कलम २२६ आलं. त्याआधी रिट काढायचा अधिकार मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा मोजक्या शहरांपुरताच होता. आता तो सगळ्या उच्च न्यायालयांना मिळाला. सरकारी आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या निर्णयांना आव्हान द्यायची वाट सामान्य विद्यार्थ्यासाठी उघडली.

पहिला मोठा निकाल आला तो परीक्षेतल्या गैरप्रकाराच्या प्रकरणात. उत्तर प्रदेशात १९५४ च्या इंटरमीजिएट परीक्षेत तीन मुलं पास झाली. काही महिन्यांनी बोर्डाने त्यांचा निकाल रद्द केला आणि पुढच्या परीक्षेलाही बसायला बंदी केली. त्यांना काही विचारलंच नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता खटल्याचा निकाल लागला. कायद्यात ‘म्हणणं ऐका’ असं लिहिलेलं नव्हतं. तरीही कोर्ट म्हणालं, की या निर्णयावर एखाद्याचं पुढचं आयुष्य ठरतं, म्हणून परीक्षा समितीने न्यायाधीशासारखं वागायला हवं, म्हणजे शिक्षेआधी म्हणणं ऐकायलाच हवं.

हे आज साधं वाटतं. पण समितीत बसलेल्या शिक्षकाच्या खुर्चीतून पाहा. कालपर्यंत तो परीक्षक होता, दोन पेपर शेजारी ठेवून ‘हे उघड कॉपीचं काम आहे’ असं तो सांगू शकत होता. आता त्याला आधी नोटीस द्यायची होती, मग ऐकायचं होतं, मग ठरवायचं होतं. तेही त्याच पगारात, त्याच तासिका सांभाळून.

कोर्टांनी सरसकट दोर आवळला, असंही नाही. बिहारमध्ये एका केंद्रावर सामूहिक कॉपी झाली आणि बोर्डाने तिथली परीक्षाच रद्द केली, तेव्हा १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कुणा एकावर ठपका ठेवलेला नाही, संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द झाली आहे, म्हणून प्रत्येकाला वेगळं बोलावून ऐकायची गरज नाही. त्याच सुमाराच्या केरळ विद्यापीठाच्या खटल्यात कोर्टाने म्हटलं, की नैसर्गिक न्यायाची तत्त्वं म्हणजे सगळीकडे एकाच मापाने लावायचा साचा नव्हे.

रांची, १९७२ ची एक रात्र

माझ्या प्रबंधात ज्या प्रकरणावर एक आख्खं प्रकरण आहे, ते रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचं. १९७२ च्या जून महिन्यात एका रात्री काही मुलगे विवस्त्र अवस्थेत मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात घुसले. छत्तीस मुलींनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली.

आता प्राचार्यांच्या जागी स्वतःला ठेवा. दहा वर्षांपूर्वीचा निकाल सांगतो, ऐकून घ्या. पण मुलींना त्या मुलग्यांसमोर उभं करून साक्ष द्यायला लावली आणि उलटतपासणी झाली, तर संध्याकाळी त्याच मुली त्याच रस्त्यावरून परतणार. मग कॉलेजने तीन शिक्षकांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब मुलग्यांच्या गैरहजेरीत घेतले. इतर फोटोंत मिसळून संशयितांचे फोटो दाखवले, मुलींनी ते ओळखले. मग मुलग्यांना बोलावून आरोप सांगितले, त्यांचं म्हणणं नोंदवलं. साक्षीदारांची नावं सांगितली नाहीत. दोषी ठरलेल्यांना दोन शैक्षणिक सत्रांसाठी काढून टाकलं.

मुलगे कोर्टात गेले. मुद्दा साधा होता: आमच्यामागे जबाब घेतले, आम्हाला उलटतपासणी मिळाली नाही. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजची बाजू उचलून धरली. निकाल लिहिला न्या. पालेकर यांनी, जे मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेले होते. मुंबईतल्या तडीपारीच्या जुन्या खटल्याचा दाखला त्यांनी दिला. गुंडाविरुद्ध उघडपणे साक्ष द्यायला माणसं धजावत नाहीत हे कायद्याला मान्य असेल, तर इथेही तेच लागू आहे. कॉलेजच्या फाटकाबाहेर या मुलींना संरक्षण द्यायला प्राचार्य पुरे पडणार नाहीत, हे कोर्टाने ओळखलं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती त्या तीन शिक्षकांची. ते वकील नव्हते. पण दोन्ही बाजूंचा विचार करून त्यांनी एक वाट काढली: आरोप सांगायचा, उत्तर ऐकायचं, आणि तरीही मुलींना समोरासमोर उभं करायचं नाही. ती वाट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात टिकली. शिस्तीचं काम करणाऱ्याने डोकं शांत ठेवलं तर कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो, याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

अमेरिकेत काय झालं

तुलनेसाठी अमेरिकेकडे बघावं लागतं, कारण तिथे याच काळात या कामाचा वेगळा पेशाच तयार झाला.

तिथेही ‘आईबापाच्या जागी’ हेच सूत्र होतं. १९१३ मध्ये केंटकीच्या कोर्टाने बेरिया कॉलेजला त्याच आधारावर विद्यार्थ्यांना समोरच्या खाणावळीत जायला बंदी करू दिली होती. मग १९६० च्या फेब्रुवारीत माँटगोमेरीच्या अलाबामा स्टेट कॉलेजचे कृष्णवर्णीय विद्यार्थी न्यायालयाच्या इमारतीतल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. नऊ जणांना काहीही न विचारता काढून टाकलं. १९६१ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ‘डिक्सन’ खटल्यात सांगितलं, की सरकारी कॉलेजने काढून टाकण्याआधी नोटीस आणि सुनावणी द्यायलाच हवी. आपला घनश्याम दास गुप्ता १९६२ चा आणि त्यांचा डिक्सन १९६१ चा. कोर्टं वेगळी, कारणं वेगळी, पण प्रश्न एकच: शिक्षेआधी विचारलंत का?

पुढे तिथले डीन हे काम करेनासे झाले. त्यासाठी स्वतंत्र अधिकारी आले, त्यांची कार्यालयं आली, १९८८ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना आली. सुरुवातीला या लोकांनी कोर्टाची भाषाच उचलली आणि स्वतःला ‘न्यायिक’ अधिकारी म्हणवून घेतलं. नंतर त्यांनाच ती भाषा नकोशी झाली. हे कोर्ट नाही, ही शिकण्याची जागा आहे, असं म्हणत त्यांनी ‘न्यायिक’ शब्द संघटनेच्या नावातूनसुद्धा काढला.

पण शब्द बदलून दबाव कमी होत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत २०११ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याचं पत्र आलं, २०१७ मध्ये ते मागे घेतलं, २०२० मध्ये प्रत्यक्ष सुनावणी आणि उलटतपासणी सक्तीची करणारे नियम आले, २०२४ मध्ये ते बदलले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने बदललेले नियम रद्द करून २०२० चेच पुन्हा लागू झाले. एकाच टेबलावर बसलेल्या माणसाला चौदा वर्षांत इतक्या वेळा नियमपुस्तक बदलावं लागलं. सरकार बदललं की ‘न्याय्य चौकशी’ची व्याख्या बदलणार असेल, तर तो माणूस न्यायाचा विचार सोडून पुढच्या पत्राची वाट बघू लागतो.

दिशा उलटली

आता परत आपल्याकडे. १९९० च्या दशकापर्यंत कोर्टांचा प्रश्न होता: तुम्ही शिक्षा करताना चुकलात का? त्यानंतर दुसराच प्रश्न आला: तुम्ही शिक्षा का केली नाहीत?

निमित्त होतं रॅगिंगचं. १९९६ मध्ये तामिळनाडूत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा खून झाला आणि पुढच्या वर्षी त्या राज्याने कायदा केला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये. आपला कायदा छोटासा आहे, दोन-तीन पानांत मावतो, पण शिस्तीच्या इतिहासात त्याच्या एका कलमाची जागा फार मोठी आहे. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरल्यावर कॉलेजातून काढून पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही, हे झालं विद्यार्थ्यासाठी. संस्थाप्रमुखासाठी काय? लेखी तक्रार आली की सात दिवसांत चौकशी. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याचं निलंबन आणि तक्रार लगेच पोलीस ठाण्यात. आणि प्रमुखाने यात कुचराई केली, तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केलं असं मानलं जाईल, आणि दोष सिद्ध झाल्यास शिक्षा गुन्हेगाराएवढीच.

पुन्हा वाचा. प्राचार्य आता न्यायाधीशाच्या जागी तर आहेच, पण संभाव्य आरोपीच्या जागीही आहे.

२००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विश्व जागृती मिशनच्या याचिकेवर मार्गदर्शक सूचना दिल्या. रॅगिंग रोखता आलं नाही तर तो व्यवस्थापन, प्राचार्य आणि वसतिगृहाचे वॉर्डन यांचा निष्काळजीपणा समजावा, असं त्यात होतं. पण त्याच निकालात एक हळुवार सूरही होता: विद्यार्थ्यांना शक्यतो गुन्हेगारासारखं वागवू नका, सुधारायला वाव द्या. २००७ पर्यंत तो सूर बदलला. माजी सीबीआय संचालक राघवन यांच्या समितीच्या अहवालानंतर कोर्टाने आदेश दिला, की संस्थेच्या कारवाईने पीडित किंवा त्याच्या पालकांचं समाधान झालं नाही, तर संस्थेनेच पोलिसांत गुन्हा नोंदवावा. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला आणि जूनमध्ये यूजीसीची नियमावली आली. गुन्हा दिसला तर चोवीस तासांत एफआयआर, दरवर्षी विद्यार्थी आणि पालकांची प्रतिज्ञापत्रं, रॅगिंगविरोधी समिती, पथक, हेल्पलाइन. दोषी सापडले नाहीत तर सामूहिक शिक्षा. आणि संस्थेने हे पाळलं नाही तर अनुदान बंद.

अनुदान बंद! कार्लाइल साहेबांची आठवण झाली ना? हेतू अगदी उलटा आहे, हे मान्य. १९०५ चं परिपत्रक विद्यार्थ्यांचा आवाज दाबण्यासाठी होतं, २००९ ची नियमावली विद्यार्थ्यांचा जीव वाचवण्यासाठी. पण मधल्या माणसावर जोर कसा द्यायचा, याचं तंत्र तेच राहिलं.

कात्री

मग समित्या वाढल्या. १९९७ च्या विशाखा निकालानंतर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती, २०१३ मध्ये त्याचा कायदा, विद्यार्थ्यांसाठी यूजीसीची २०१५ ची नियमावली. जातिभेदाच्या तक्रारींसाठी २०१२ ची नियमावली आणि त्यात भेदभावविरोधी अधिकारी. शिवाय २००५ चा माहिती अधिकार, म्हणजे समितीने काय लिहिलं हे उद्या कुणीतरी मागू शकतं.

अमेरिकेत या कामासाठी माणसं नेमली. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत अजूनही तेच होतं: वर्षाच्या सुरुवातीला एक कार्यालयीन आदेश निघतो आणि रसायनशास्त्राच्या मॅडम एका समितीच्या अध्यक्ष होतात, मराठीचे सर दुसऱ्या समितीचे सदस्य. प्रशिक्षण म्हणजे फार तर एक दिवसाची कार्यशाळा आणि चहा-बिस्किटं. आणि या माणसांकडून अपेक्षा काय, तर घाई करायची नाही आणि उशीरही करायचा नाही. फार ऐकलं तर तक्रारदार म्हणणार दडपताय, कमी ऐकलं तर आरोपी म्हणणार कोर्टात भेटू.

घाईची किंमत किती असते, हे गोव्यातल्या एका प्रकरणाने दाखवलं. २००९ मध्ये गोवा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी एका शिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. समितीने त्या मे महिन्यात बैठकांमागून बैठका उरकल्या आणि जूनच्या सुरुवातीला अहवाल दिला. शिक्षकाला नोकरीवरून काढलं. मुंबई उच्च न्यायालयात ते टिकलं. पण मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द केली, कारण आरोप असलेल्या माणसाला बाजू मांडायला पुरेसा अवधी मिळाला नव्हता. चौकशी पुन्हा २००९ च्या टप्प्यापासून चालू करा, असा आदेश झाला. चौदा वर्षं! आरोप खरे की खोटे, यावर कोर्ट बोललंच नाही. त्या विद्यार्थिनींच्या बाजूने विचार केला तर कळतं, की नीट चौकशी ही आरोपीवर केलेली मेहेरबानी नसते. ती तक्रारदाराचीही गरज असते.

आणि उलट बाजू? मे २०२५, पुणे. समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून एकोणीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला अटक झाली आणि तिच्या कॉलेजने तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने तिची सुटका करून परीक्षेला बसू दिलं आणि कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली. म्हणणं ऐकलं नाही, हा मुद्दा तिथे पुन्हा आला. १९६२ चा धडा त्रेसष्ट वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला, तोही सावरकरांना दहा रुपये दंड झाला त्याच शहरात. फरक एवढाच, की १९०५ च्या मुलाला जायला कोर्ट नव्हतं. २०२५ च्या मुलीला होतं.

कायदा आणि कायद्याची भीती

आता माझं म्हणणं. या सगळ्या निकालांचे गठ्ठे चाळल्यावर मला एक गोष्ट ठळक दिसते: कायदा शिस्तीच्या माणसाकडून जे मागतो, ते फार थोडं आहे. आरोप काय ते सांगा. उत्तर द्यायला वेळ द्या. ज्याचा त्या प्रकरणात स्वार्थ आहे त्याला समितीत बसवू नका. निर्णयाची कारणं लिहा. तक्रार आली तर दाबून ठेवू नका, पोलिसांचं काम असेल तिथे पोलिसांकडे जा. शिक्षा किती द्यायची, यात कोर्टं सहसा हात घालत नाहीत. ती बघतात तुम्ही तिथपर्यंत कसे पोचलात ते.

कायद्याची भीती मात्र याच्या कितीतरी पट मागते. ती म्हणते, मुलाशी एकट्याने बोलू नका. फोन करू नका, ईमेल करा. ‘सॉरी’ म्हणू नका, उद्या तेच वाक्य दाखवतील. अमुक प्रकरण आपल्या समितीत बसत नाही, तिकडे पाठवा. हे कुठल्याच निकालात लिहिलेलं नाही. रांचीच्या तीन शिक्षकांनी यातलं काही केलं नाही, तरी ते टिकले, कारण त्यांनी आधी विचार केला होता की इथे कुणाला कशाची भीती आहे. आजच्या समित्या बऱ्याचदा स्वतःच्या भीतीपासून सुरुवात करतात.

मग जुनी वही बरी होती का? हा प्रश्न मी त्या रेक्टर सरांनाही विचारला. ते बराच वेळ गप्प होते. मग वही उलटून त्यांनी एक नोंद दाखवली. एका मुलाने दुसऱ्याला रात्रभर उभं करून ठेवलं होतं. शेरा तोच: समज दिली. त्या मुलाचे वडील संस्थेच्या परिचयातले होते, सर म्हणाले. उभा राहिलेला मुलगा दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला आणि परत आलाच नाही. त्याच्याबद्दल वहीत पुढे एकही ओळ नाही.

त्या नोंदीमुळे मला माझ्या प्रबंधाचा मधला भाग नव्याने लिहावा लागला. वहीतली माया सगळ्यांना सारखी मिळत नव्हती. ज्याच्या घरी पत्र लिहिलं की वाचायला शिकलेलं माणूस होतं, ज्याचा बाप भेटायला येऊ शकत होता, त्याला ‘समज’ मिळायची. बाकीचे मुकाट्याने गाठोडं बांधायचे. फाईल आली ती या बाकीच्यांसाठी. पोचपावती हा रुक्ष कागद असतो, पण ज्याची कुठे ओळख नाही त्याच्यासाठी आपण तक्रार केली होती याचा तेवढाच पुरावा असतो.

म्हणून ‘कोर्टांनी हात बांधले’ हे मला पटत नाही. हात बांधले ते एकट्या शिक्षकावर चार समित्या लादून त्याला शिकवण्याची, वेळ देण्याची सोय न करणाऱ्या व्यवस्थेने. कायद्याने काम वाढवलं, माणसं वाढवली नाहीत. जिथे कॉलेजं एखाद्या शिक्षकाच्या तासिका कमी करून त्याला हे काम नीट शिकू देतील, तिथे फाईल आणि बोलणं एकत्र नांदू शकतं.

निघताना सरांनी वही मला देऊ केली, संशोधनासाठी. त्यातल्या मुलांची नावं आज पन्नाशी ओलांडलेल्या माणसांची आहेत, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. १९६२ पासून कोर्टं हेच सांगत आली आहेत, ज्याच्याबद्दल ठरवताय त्याला आधी विचारा. मी वही घेतली नाही. तिथेच बसून फक्त शेरे उतरवून घेतले, नावं नाहीत.